विश्लेषण : लेखिकांची नवी नभोनाट्ये घडवायची, तर नेमके काय हवे?

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. २०२७ मध्ये या घटनेला १०० वर्षे पूर्ण होतील. शताब्दीच्या निमित्ताने जुन्या ध्वनिमुद्रणांना उजाळा मिळेल, ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी आणि मीनावहिनींच्या आठवणी निघतील. मात्र नव्या नाटकांचे काय, हा प्रश्न राहतोच. त्यातही लेखिकांनी खास ध्वनिमाध्यमासाठी लिहिलेली नवी नाटके कोण मागवणार, कोण त्यावर खर्च करणार आणि ती श्रोत्यांना कुठे ऐकायला मिळणार, याचे ठोस उत्तर सध्या कोणाकडेच नाही. हातात स्मार्टफोन आणि कानात इअरफोन असलेला श्रोता कधी नव्हे इतका उपलब्ध असताना हा प्रकार मागे का पडतो आणि लेखिकांच्या दृष्टीने त्यात काय पणाला लागले आहे, याविषयी…

नभोनाट्य म्हणजे नेमके काय?

फक्त कानांसाठी लिहिलेले आणि आवाज, शांतता, ध्वनिपरिणाम व संगीत यांच्या आधारे सादर होणारे नाटक म्हणजे नभोनाट्य. मराठीत छोट्या नभोनाट्याला ‘श्रुतिका’ हा सुंदर शब्द रुळला. रंगमंचावरचे नाटक माइकसमोर वाचले की नभोनाट्य होत नाही. इथे पात्र आत आले हे दिसत नाही, ते ऐकू यावे लागते. एकाच पट्टीतले तीन आवाज एका प्रसंगात आले, तर श्रोता गोंधळतो. मात्र मंचाला जे साधत नाही, ते इथे सहज साधते. कलाकार माइकच्या अगदी जवळ येऊन बोलला, की ते पात्राचे मनातले बोलणे होते. स्वयंपाकघरातून रेल्वे फलाटावर आणि तिथून ३० वर्षे मागे जायला नेपथ्य बदलावे लागत नाही.

खास नभोवाणीसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून रिचर्ड ह्यूज यांच्या ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’चा उल्लेख होतो. ते बीबीसीवरून जानेवारी १९२४ मध्ये प्रसारित झाले. अपघातानंतर अंधारात अडकलेल्या माणसांची ही गोष्ट कोळशाच्या खाणीत घडते. श्रोत्याला काही दिसत नाही ही माध्यमाची मर्यादाच लेखकाने कथेचा आधार बनवली.

लेखिकांसाठी हे माध्यम वेगळे का ठरते?

मराठी रंगभूमीवर स्त्रियांनी लिहायला सुरुवात करून शतक उलटले. हिराबाई पेडणेकर यांचे ‘संगीत दामिनी’ १९१२ मध्ये ‘ललितकलादर्श’ने रंगमंचावर आणले. गिरिजाबाई केळकर १९२८ मध्ये नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. पुढे सरिता पदकी, सई परांजपे, ज्योती म्हापसेकर, सुषमा देशपांडे ते मनस्विनी लता रवींद्र, इरावती कर्णिक अशी नावे सांगता येतात. तरीही मराठी नाटककारांची यादी करायला बसले, की लेखिकांची नावे आठवून आठवून भरावी लागतात.

याचे एक कारण नाटक उभे राहण्याच्या पद्धतीत आहे. रंगमंचीय नाटकासाठी निर्माता, नाट्यगृहाच्या तारखा, नेपथ्य, रात्री उशिरापर्यंतच्या तालमी आणि दौरे लागतात. नाटककार या प्रक्रियेत वावरतच घडतो. तालमीत बसून संवाद कापतो, पहिल्या प्रयोगानंतर दुसरा अंक बदलतो. घर, मुले आणि नोकरी सांभाळणाऱ्या अनेक स्त्रियांना नेमका हाच वेळ देणे जमत नाही. नभोनाट्यात या अटी सैल होतात. संहिता घरी लिहिता येते. तालीम आणि ध्वनिमुद्रण दोन-तीन दिवसांत, तेही बहुधा दिवसाउजेडी उरकते. तिकीटविक्रीची चिंता नसल्याने अनोळखी लेखिकेचे नाव निर्मात्याला जोखमीचे वाटत नाही. नाट्यलेखनात शिरण्याचा हा सर्वांत कमी खर्चाचा दरवाजा आहे. तो बंद झाला, तर त्याची झळ लेखिकांना अधिक बसते.

या दरवाजातून आजवर कोण आले?

यासाठी ब्रिटन आणि अमेरिकेतील नोंदी बोलक्या आहेत. अमेरिकेत ल्युसिल फ्लेचर यांनी लिहिलेले ‘सॉरी, राँग नंबर’ १९४३ मध्ये ‘सस्पेन्स’ या रेडिओमालिकेत प्रसारित झाले. अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला दूरध्वनीवर चुकून खुनाचा कट ऐकू येतो आणि पुढचे जवळजवळ सारे नाट्य त्या दूरध्वनीवरच घडते. पाच वर्षांनी त्यावर चित्रपट आला.

मराठी वाचकांना परिचित असलेले ‘द माऊसट्रॅप’ही मुळात रेडिओवरचेच. अगाथा ख्रिस्ती यांनी राणी मेरी यांच्या ८०व्या वाढदिवसानिमित्त बीबीसीसाठी अर्ध्या तासाचे ‘थ्री ब्लाइंड माइस’ लिहिले. ते मे १९४७ मध्ये प्रसारित झाले. त्याचेच वाढवलेले नाटक १९५२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर आले आणि विक्रमी चालले.

कवयित्री सिल्व्हिया प्लाथ यांचे ‘थ्री विमेन’ ऑगस्ट १९६२ मध्ये बीबीसीच्या थर्ड प्रोग्रामवर प्रसारित झाले. प्रसूतिगृहातील तीन स्त्रियांचे हे तीन आवाज. एक मूल घेऊन घरी जाते, एकीचा गर्भपात होतो, एक मूल मागे ठेवून जाते. त्या काळात व्यावसायिक रंगभूमीने हा विषय घेतला असता का, याची शंकाच आहे.

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण कॅरिल चर्चिल यांचे. त्यांचे ‘द अँट्स’ १९६२ मध्ये बीबीसीवर प्रसारित झाले. पुढची दहा वर्षे, तीन मुलगे लहान असताना, त्या प्रामुख्याने रेडिओसाठी लिहीत होत्या. ‘ओनर्स’ हे त्यांचे नाटक लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये आले ते १९७२ मध्ये आणि ‘टॉप गर्ल्स’ १९८२ मध्ये. आज इंग्रजीतील सर्वांत महत्त्वाच्या नाटककारांत त्यांची गणना होते. या यशामागे एका नाटकाची संधी नव्हती, एकामागून एक मिळालेल्या संधींचे दशक होते.

अँजेला कार्टर यांनी ‘व्हॅम्पायरेला’ हे नभोनाट्य १९७६ मध्ये लिहिले. त्यांच्याच ‘द कंपनी ऑफ वुल्व्हज’चा प्रवास कथेकडून नभोनाट्याकडे आणि १९८४ मध्ये चित्रपटाकडे झाला. अलीकडचे उदाहरण रेचेल जॉइस यांचे. त्यांचे २००६ मधील नभोनाट्य पुढे ‘द अनलाइकली पिलग्रिमेज ऑफ हॅरॉल्ड फ्राय’ ही कादंबरी झाले आणि २०२३ मध्ये त्यावर चित्रपट आला. नभोनाट्य हवेत विरून जाते, हा समज या उदाहरणांनी खोटा ठरवला आहे.

भारतात आणि मराठीत परंपरा काय?

आकाशवाणीने नाटकाला सुरुवातीपासून महत्त्वाचे स्थान दिले. सआदत हसन मंटो दिल्ली केंद्रात नोकरीला असताना नाटकांमागून नाटके लिहीत होते. डॉक्टर असलेल्या लेखिका रशीद जहाँ यांनीही आकाशवाणीसाठी नाटके लिहिली. १९५६ मध्ये नाटकांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात निवडलेले नाटक वेगवेगळ्या भाषांत अनुवादित होऊन त्या त्या केंद्रांवरून ऐकवले जाई. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि ‘हवामहल’मुळे छोट्या नाटुकल्यांची सवय घराघरात लागली.

मराठीतही नभोवाणीने नाटककार घडवले. रत्नाकर मतकरी यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका १९५५ मध्ये मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली, तेव्हा ते अवघे १७ वर्षांचे होते. सई परांजपे यांच्या कारकीर्दीची सुरुवात पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून झाली आणि मुलांच्या कार्यक्रमांतून त्यांचे नाट्यलेखन-दिग्दर्शन बहरले. पुढच्या त्यांच्या नाटक-चित्रपटांतील चपखल बोलक्या संवादांची पाटी या काळात घटवली गेली, असे म्हणायला वाव आहे.

‘पुन्हा प्रपंच’ने तर पंत, टेकाडे भावजी आणि मीनावहिनी यांना कुटुंबातलेच करून टाकले. प्रभाकर जोशी, बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू हे त्यामागचे आवाज. श्रोत्यांना आवाज आठवतात. संहिता लिहिणाऱ्यांची नावे मात्र फार थोड्यांना सांगता येतील. लेखनाच्या नोंदी न राहणे हा या माध्यमाचा जुना दोष आहे आणि ज्यांची नावे आधीच कमी घेतली जातात, त्यांना तो जास्त भोवतो.

‘महिलांचे कार्यक्रम’ मदतीचे की अडचणीचे?

दोन्ही. मुंबई केंद्राच्या ‘वनिता मंडळ’सारख्या कार्यक्रमांनी असंख्य स्त्रियांना पहिल्यांदा माइकसमोर आणले. लीलावती भागवत यांच्यासारख्या लेखिकेने हा कार्यक्रम दीर्घकाळ नावारूपाला आणला. ब्रिटनमध्येही १९४६ पासून सुरू असलेल्या ‘विमेन्स अवर’ला जोडून रोजच्या १५ मिनिटांच्या नाट्यमालिका वर्षानुवर्षे चालल्या आणि त्यांतून अनेक लेखिकांना नियमित काम मिळाले.

अडचण चौकटीची आहे. दुपारच्या महिला कार्यक्रमातील श्रुतिका म्हटली, की बचत, स्वच्छता, बाळाचे लसीकरण, सासू-सुनेची समजूत असे विषय गृहीत धरले जातात. सरकारी खाती किंवा संस्था पैसे देतात, तेव्हा संदेश आधी ठरतो आणि नाटक नंतर लिहिले जाते. असे लेखन निरुपयोगी नाही. त्यातून मानधन मिळते, हातही बसतो. पण लेखिकेला जमिनीच्या व्यवहारावर, राजकारणावर, एखाद्या गुन्ह्यावर किंवा निव्वळ विनोदासाठी लिहायचे असेल, तर तिचे नाटक रात्रीच्या मुख्य नाट्यवेळेत जायला हवे. लेखिकांची नाटके किती, याबरोबरच ती कोणत्या वेळेला आणि कोणत्या विषयांवर, हेही म्हणून मोजले पाहिजे.

मग गाडी अडते कुठे?

पहिली अडचण वेळेची. नियमित नाट्यवेळ असेल, तरच कोणीतरी नवी संहिता शोधतो. वेळ भरून काढायला जुने ध्वनिमुद्रण हाताशी असेल, तर पुनःप्रसारण सोपे आणि फुकट पडते. ‘रसिकाग्रहास्तव’ या शब्दाआड नव्या निर्मितीची कपात सहज लपते.

दुसरी अडचण माणसांची. नभोनाट्याचा निर्माता हा निम्मा संपादक असतो. संहिता वाचून ‘हे नाही’ म्हणणे सोपे असते. ‘पहिली सात मिनिटे काढा, नाटक तिथून सुरू होते’ असे सांगायला अनुभव लागतो. आकाशवाणीच्या कार्यक्रम विभागातील नियमित भरती दीर्घकाळ रखडली आणि बरेच काम हंगामी कर्मचाऱ्यांवर आले. जाणता निर्माता निवृत्त झाला, की त्याच्याबरोबर लेखक घडवण्याची ती हातोटीही जाते. चर्चिल यांच्या दहा वर्षांमागे बीबीसीचा पक्का नाट्यविभाग होता, हे विसरून चालत नाही.

तिसरी अडचण बाजाराची. खासगी एफएम वाहिन्या २००१ पासून आल्या. त्यांना बातम्यांवर निर्बंध आहेत, नाटकावर नाहीत. तरीही लिलावात घेतलेला परवाना जाहिरातींतून वसूल करायचा असल्याने गाणी आणि निवेदकाच्या गप्पा यांवरच भर राहिला. अर्धा तास एकाग्रतेने ऐकण्याचा कार्यक्रम त्या गणितात बसला नाही.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्येही गेल्या १५ वर्षांत नभोनाट्याच्या काही ठरलेल्या वेळा बंद झाल्या. फरक इतकाच, की तिथे आधीचा साठा आणि लेखकांच्या संघटना मोठ्या असल्याने कपातीवर जाहीर चर्चा होते.

एक नवे नभोनाट्य तयार व्हायला काय लागते?

अर्ध्या तासाच्या नाटकाची संहिता साधारण तीन ते साडेतीन हजार शब्दांची असते. चार-पाच आवाज पुरतात. आकाशवाणीत नाट्यकलाकारांची आवाजचाचणी होऊन त्यांना श्रेणी दिली जाते, त्यामुळे कलाकारांची यादी केंद्राकडे तयार असते. बीबीसीवरचे ४५ मिनिटांचे दुपारचे नाटक साधारण दोन दिवसांत ध्वनिमुद्रित होते. सकाळी सर्वांनी मिळून वाचन, मग एकेका प्रवेशाची तालीम आणि लगेच मुद्रण, अशी पद्धत. त्यानंतर संकलन, ध्वनिपरिणाम, पार्श्वसंगीत.

यात सर्वांत कमी लेखला जाणारा टप्पा मुद्रणाच्या आधीचा आहे. पहिला खर्डा आणि शेवटची संहिता यांच्यामध्ये दोन-तीन पुनर्लेखने होतात. कलाकारांकडून एकदा मोठ्याने वाचून घेतले, की कोणता संवाद तोंडात बसत नाही हे लेखिकेला लगेच कळते. स्टुडिओ, तंत्रज्ञ आणि प्रक्षेपण यांचा खर्च संस्था करतेच. पुनर्लेखनाच्या महिन्यांचा खर्च मात्र लेखिकेने स्वतःच्या खिशातून करावा, अशी अपेक्षा असते. मानधन प्रसारणानंतर मिळणार असेल आणि प्रसारणाची तारीख ठरलेली नसेल, तर जिला दुसरे उत्पन्न आहे तीच टिकते. परिणामी पुण्या-मुंबईच्या नोकरदार घरांबाहेरचे आवाज गाळले जातात.

स्पर्धा भरवून प्रश्न सुटेल का?

नभोनाट्य लेखनस्पर्धा हा आपल्याकडचा आवडता उपाय. स्पर्धेमुळे नावे कळतात. पण बक्षीस दिलेली संहिता कपाटात राहिली, तर लेखिका जिथल्या तिथे राहते. बीबीसीने ब्रिटिश कौन्सिलच्या साथीने आंतरराष्ट्रीय नभोनाट्य लेखनस्पर्धा १९८९ पासून अनेक वर्षे चालवली. तिचे वैशिष्ट्य असे, की विजेत्या संहितेची निर्मिती होऊन ती जगभर प्रसारित होई. ब्रिटनमधील ‘सोसायटी ऑफ ऑथर्स’शी निगडित इमिसन पुरस्कार नभोनाट्यात पदार्पण करणाऱ्यांसाठी आहे, मात्र त्यासाठी नाटक आधी प्रसारित झालेले असावे लागते. दोन्ही ठिकाणी निर्मिती गृहीत आहे.

दुसरा मुद्दा दुसऱ्या नाटकाचा. नवोदितांसाठी योजना असतात, प्रस्थापितांना बोलावणी असतात. पहिले नाटक झालेल्या, पण नाव न झालेल्या लेखिकेसाठी काहीच नसते. हात बसण्याची खरी वर्षे तीच असतात.

ऑडिओ ॲप हा पर्याय आहे का?

काही अंशी. स्टोरीटेल भारतात नोव्हेंबर २०१७ मध्ये आले आणि मराठीत खास ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिकांची निर्मिती सुरू झाली. पॉकेट एफएम, कुकू एफएम, प्रतिलिपी एफएम यांनीही श्रोत्यांना ऐकायची सवय लावली. लेखिकांना या मंचांवर कामही मिळाले. दूरचित्रवाणी मालिकांप्रमाणेच इथेही भागामागून भाग लिहू शकणाऱ्या हातांना मागणी आहे.

मात्र या मंचांचे अर्थकारण लांबलचक मालिकेवर उभे आहे. श्रोत्याने पुढचा भाग उघडावा, त्यासाठी पैसे मोजावेत किंवा वर्गणी चालू ठेवावी, म्हणून प्रत्येक भाग उत्कंठेच्या टोकावर थांबतो. अर्ध्या तासात सुरू होऊन संपणाऱ्या, शेवटी श्रोत्याला गप्प करणाऱ्या नाटकाला या रचनेत जागा नाही. शिवाय बरीच निर्मिती एका निवेदकाच्या वाचनाची असते. अनेक पात्रांचे, ध्वनींनी रचलेले नाटक महाग पडते.

प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील इफ्फीत ‘वेव्हज’ हा ओटीटी मंच सुरू केला. आकाशवाणीच्या वाहिन्या आता फोनवर ऐकता येतात. त्यामुळे ‘रेडिओ आहेच कोणाकडे?’ हा आक्षेप उरत नाही. नाटकाची वेळ चुकली तरी ते नंतर, नावानिशी शोधून ऐकता आले पाहिजे. नाटकाच्या पानावर लेखिकेचे नाव शोधता येण्याजोगे असणे ही साधी सोय आहे, पण तिनेच लेखिकेची कारकीर्द दिसू लागते.

सामुदायिक रेडिओचा उपयोग किती?

भारतात २००६ च्या अखेरीस बिगरसरकारी संस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा मिळाली. तेलंगणातील ‘संघम रेडिओ’ २००८ पासून दलित स्त्रिया चालवतात. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. त्याआधी १९९९ मध्ये कच्छ महिला विकास संघटनेने आकाशवाणीच्या भुज केंद्रावर ‘कुंजल पांजे कच्छजी’ ही कच्छी भाषेतील नाट्यमय मालिका आणली होती. गावातल्या स्त्रियांचे प्रश्न त्यांच्याच बोलीत आणि कथेच्या रूपात मांडणारा हा प्रयोग पुढच्या अनेकांना वाट दाखवणारा ठरला.

या केंद्रांची ताकद बोलीत आहे. माणदेशी, अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडीत लिहिलेले नाटक तिथे ‘शुद्ध’ करून घ्यावे लागत नाही. नियमांनुसार निम्मे कार्यक्रम स्थानिक असणे अपेक्षित आहे. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. प्रक्षेपण पाच ते दहा किलोमीटरपर्यंतच पोहोचते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहिरातींचा वेळ तासाला ७ वरून १२ मिनिटे आणि सरकारी जाहिरातींचा दर १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये करण्यात आला, तरी त्यातून नाट्यविभाग उभा राहणार नाही. मोठ्या केंद्राने मानधन आणि तांत्रिक साह्य द्यावे, सामुदायिक केंद्राने लेखिका आणि बोली पुरवावी आणि नाटक दोन्हीकडे वाजावे, अशी जोडणी अधिक व्यवहार्य वाटते.

लेखिकेचे हक्क कोणते?

कॉपीराइट कायद्यातील तरतुदी, विशेषतः २०१२ च्या सुधारणा, इथे कामाच्या आहेत. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर हक्क भारतापुरते मानले जातात. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्यासाठीचे हक्क स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज दिले गेले असे समजले जात नाही. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या साहित्याच्या पुढील वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा समान वाटा सोडून देण्याचा करारही लेखकाला करता येत नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हक्क राहतो.

मात्र नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या संहितेचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणाऱ्याकडे जातो. त्यामुळे सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. हक्क किती काळासाठी दिले, कोणत्या माध्यमांसाठी दिले, पुनःप्रसारणाचे पैसे मिळणार का आणि रंगमंच, पुस्तक व चित्रपटाचे हक्क स्वतःकडे राहिले का. ख्रिस्ती किंवा जॉइस यांच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या नाटकांतून पुढे काय घडले, हे पाहता चौथी बाब सर्वांत मोलाची ठरते.

राखीव जागा ठेवाव्यात का?

यावर मतभेद आहेत. ‘नाटक चांगले असावे, लेखक कोण हे महत्त्वाचे नाही’ हा आक्षेप वाजवी आहे. पण चांगले-वाईट ठरवण्याआधी संहिता वाचली जावी लागते. ओळखीतून बोलावणी जात असतील, तर ओळखीबाहेरच्या लेखिकेची संहिता टेबलापर्यंत पोहोचतच नाही. त्यावर राखीव कोट्यापेक्षा सोपे उपाय आहेत. वर्षातून दोनदा खुले आवाहन करावे, पहिल्या फेरीत नावे झाकून संहिता वाचाव्यात, वाचणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि किती संहिता आल्या, किती निवडल्या, त्यांत लेखिका किती, याचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. आकडे समोर आले, की राखीव जागांची गरज आहे की नाही, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

पुढे काय करता येईल?

गणित साधे आहे. एका केंद्राने महिन्याला एक नवे नाटक करायचे ठरवले, तर वर्षाला १२ नाटके होतात. त्यांतील निम्मी लेखिकांची असतील, तर पाच वर्षांत ३०. एवढ्यातून चार-पाच जणी सातत्याने लिहिणाऱ्या निघाल्या, तरी रंगभूमी, चित्रपट आणि मालिका या सर्वांना त्याचा उपयोग होईल. त्यासाठी महिन्यातील एक ठरलेली रात्र, संहितेवर काम करणारा एक जाणता निर्माता, मानधनाचा पहिला हप्ता खर्ड्याच्या वेळीच आणि फोनवर कायम उपलब्ध असलेले ध्वनिमुद्रण, एवढे लागते. विद्यापीठांचे नाट्यविभाग आणि त्यांची रेडिओ केंद्रे वाचन-तालमीची जबाबदारी उचलू शकतात.

जगभरच्या नभोवाणी केंद्रांनी फिती महाग होत्या त्या काळात जुनी नाटके पुसून त्यांवर नवे कार्यक्रम मुद्रित केले. ते नुकसान आता भरून निघणार नाही. आज साठवणूक स्वस्त आहे, श्रोत्यापर्यंत पोहोचणेही स्वस्त आहे. महाग राहिली आहे ती फक्त लेखिकेची पहिली दहा वर्षे. ती कोणी उचलायची, याचा निर्णय शताब्दीच्या निमित्ताने झाला, तर २३ जुलै २०२७ च्या कार्यक्रमात जुन्या आवाजांबरोबर काही नवी नावेही घेता येतील.